लेस्बॉस बेटावर, बायकांच्या मेळाव्यात

गुरुवार, ४ सप्टेंबर. पिरियस बंदर

ग्रीसला चाललोय म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे सँटोरिनीच येतं, निळे घुमट, पांढऱ्या भिंती, कठड्याला टेकून काढलेला फोटो. आम्ही चाललो होतो लेस्बॉसला. हे बेट पार पूर्वेला, तुर्कस्तानला खेटून, आणि क्रीट आणि एव्हिया ही दोन बेटं सोडली तर ग्रीसमधलं सगळ्यात मोठं. त्याच्या पश्चिमेला स्काला एरेसू नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. सॅफो ही अडीच हजार वर्षांपूर्वीची कवयित्री तिथली, निदान तिथले लोक तरी तसं सांगतात, मिटिलिनी ह्या बेटाच्या मुख्य शहरातले म्हणतात आमची. आणि २००० सालापासून दर सप्टेंबरात तिथे बायकांचा आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल भरतो, दोन आठवडे. सरळच सांगायचं तर लेस्बियन बायकांचा. पोहणं, नाचणं, सिनेमे, कविता, डोंगर चढणं, वर्कशॉप, चर्चा, सगळं एका गावात, आणि गावातली म्हातारी मंडळी शेजारच्या टेबलावर कॉफी पीत बसलेली.

मी आणि माझी पार्टनर कित्येक वर्षं "एकदा जाऊ गं" म्हणत होतो. यंदा तिने पन्नाशी गाठली आणि म्हणाली गुडघे शाबूत आहेत तोवर निघूया. गौरींबरोबर घरचा गणपती बोळवला आणि निघालो. काकूंचं म्हणजे तिच्या आईचं म्हणणं होतं की अनंत चतुर्दशी तरी होऊ द्यायची, पण बोलता बोलता त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबाही भरला. काकूंना आमचं सगळं माहीत आहे, त्या त्यावर कधीच काही बोलत नाहीत, पण डबा दोघींचा मिळून एकच देतात, त्यावरून काय ते समजायचं.

व्हिसाचं पुराण सांगत नाही. बँकेची स्टेटमेंटं, रिटर्न, ऑफिसचं पत्र, सगळं दिलं आणि सोबत येणारी व्यक्ती कोण ह्या रकान्यात दोघींनी "मैत्रीण" लिहिलं, ते लिहायची इतकी सवय झालीय की पेन थांबतसुद्धा नाही.

अथेन्सहून मिटिलिनीला विमानाने तासाभराच्या आत पोचता येतं. आम्ही बोट घेतली कारण स्वस्त आणि हिला बोटीचं वेड, मालवणची आहे. रात्री सुटते ती सकाळी पोचते. केबिन महाग म्हणून बसायच्या खुर्च्या घेतल्या. आजूबाजूला सुट्टी संपवून निघालेले सैनिक, युनिव्हर्सिटीची पोरं, एजियन विद्यापीठाचं मुख्य ठाणं मिटिलिनीलाच आहे ना, खाली गाड्यांच्या मजल्यावर ट्रक, आणि डेकवर पाच-सहा बायकांचा एक घोळका, आखूड केस, ट्रेकिंगच्या सँडल, पाठीवर सॅक. हिने मला कोपराने ढोसलं, "ह्या आपल्याच." अर्ध्या तासात त्यांच्यातल्या एकीने पुरी खाऊन रेसिपी विचारली.

शुक्रवार, ५ सप्टेंबर. मिटिलिनी ते स्काला

सकाळी मिटिलिनी. बंदराच्या समोरच चौक आहे, सॅफोच्याच नावाचा, तिथे तिचा पुतळा, हातात वीणेसारखं वाद्य. पुतळ्याच्या पायाशी दोन पोरं स्कूटर टेकवून फोनमध्ये डोकं घालून बसलेली. फोटो काढला, बस पकडली.

स्काला बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नव्वद एक किलोमीटर, पण वळणं इतकी की दोन तासांच्या वर जातातच. आधी नुसती ऑलिव्हची झाडं, डोंगरच्या डोंगर, मग पाइनचं जंगल, मग कालोनीचं आखात आणि मिठागरं, तिथे पाण्यात फ्लेमिंगो. ह्याच आखाताकाठी अॅरिस्टॉटलने मासे आणि शिंपले बघत जीवशास्त्राची टिपणं काढली होती. आणि कालोनी मागे पडलं की एकदम सगळं उघडंबोडकं, ज्वालामुखीचे दगड, वाळकं गवत, शेळ्या, सासवडच्या पुढे उन्हाळ्यात दिसतं तसं. हिला तो बोडकेपणा बघून झोप लागली, मला मात्र खिडकीपासून हलवेना.

खोली देणारी बाई सत्तरीची, काळा झगा, हातात कुंच्याचा झाडू. मला सवय अशी की हॉटेलच्या काउंटरवर पोचायच्या आधीच पोटात तयारी चालू होते, डबल बेड की ट्विन, बहिणी का, कझिन का, आधारवर पत्ता एक कसा, सगळ्याला उत्तर तयार. ह्या बाईंनी पासपोर्ट घेतले, एक मोठा पलंग असलेली खोली उघडून दिली, आणि एकच प्रश्न विचारला: एसी हवा का, त्याचे वेगळे पैसे पडतील. मग अंगणातली अंजिरं हातावर ठेवली आणि गेल्या झाडू घेऊन. मी पलंगावर बसून जरा वेळ हसतच होते.

संध्याकाळी गाव पाहिलं, तसं ते दहा मिनिटांत पाहून होतं. समुद्राला समांतर एक गल्ली, तिच्या समुद्राकडच्या बाजूला खानावळी, त्यांचे लाकडी ओटे खांबांवर थेट वाळूच्या वर काढलेले. वाळू करडी, काळपट. पूर्वेला विगला नावाची टेकडी, तिच्यावर जुन्या एरेसॉस शहराचे अवशेष, एरेसू म्हणतात ते हेच. पश्चिमेला एक छोटी नदी, पुलाखाली कासवं, आणि नदीच्या पलीकडचा किनारा बायकांचा, तिथे कपडे घालायचे की नाही ते आपलं आपण ठरवायचं. समोर समुद्रात एक मोठा खडक. त्या खडकापर्यंत पोहून जाणं हा इथला रिवाज.

शनिवार, ६ सप्टेंबर

आज तिकडे पुण्यात विसर्जन. आणि आजच्याच तारखेला २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधून, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यातून, आपल्याला मोकळं केलं. हा योग जुळून आला होता तर सकाळी कॉफी पीत पीत फोनवर लक्ष्मी रोड लाइव्ह लावला, ढोल ऐकून शेजारच्या टेबलावरच्या डच बायका येऊन बघायला लागल्या, त्यांना वाटलं हा आमचा प्राइड परेड. मी म्हटलं नाही हो, पण गर्दी त्याच्या शंभरपट.

मग किनारा. इथे मला थांबून लिहायचंय कारण मी ज्यासाठी आले होते ते हेच होतं हे मला तिथे बसल्यावर कळलं. फेस्टिव्हलचे फोटो नेटवर बघितले होते, त्यात तरुण पोरी, नाच, इंद्रधनुषी झेंडे. प्रत्यक्षात किनाऱ्यावर निम्म्याहून जास्त बायका साठीच्या पुढच्या. पांढरे केस, पोटं सुटलेली, ऑपरेशनचे व्रण, एकीला एक स्तन नव्हता आणि ती तशीच उघडी उन्हात पालथी-उताणी होत पुस्तक वाचत होती. आमच्या जवळ दोन जर्मन बायका होत्या, एक चौऱ्याहत्तरची, दुसरी तिच्याहून चार वर्षांनी लहान, आम्ही आपसात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला लागलो. थोरलीच्या गुडघ्याची वाटी बदललेली. धाकटी तिच्या पाठीला क्रीम चोळत होती आणि दोघी जोरजोरात भांडत होत्या, जर्मन येत नसलं तरी भांडण समजत होतं, बीपीच्या गोळ्या कोण विसरलं ह्यावरून. क्रीम चोळणं एका क्षणासाठी थांबलं नाही. मग धाकटीने झाकण लावलं, थोरलीला काखेत हात घालून उठवलं, आणि दोघी तशाच कुरकुरत पाण्यात गेल्या.

मी चाळिशी ओलांडलेली बाई, एवढ्या आयुष्यात मी हे कधीच पाहिलं नव्हतं. दोन बायका, जोडपं म्हणून म्हाताऱ्या झालेल्या, बीपीच्या गोळ्यांवरून भांडणाऱ्या. आपल्याकडे असतीलच, असणारच, पण त्या "एकत्र राहणाऱ्या दोन शिक्षिका" किंवा "लग्न न केलेल्या आत्या आणि त्यांची मैत्रीण" म्हणून गेल्या. आपल्या पुढच्या वीस-तीस वर्षांचं चित्र आपल्याकडे नसतं, बाकी सगळ्यांकडे आईबापांचं तरी असतं.

ही खडकापर्यंत पोहून गेली, तिला काय, समुद्रातच वाढलेली. मी टिळक टँकवर शिकलेली, मला खाली फरशी दिसली नाही की धाकधूक होते, तर मी एका आयरिश बाईच्या तरंगत्या फोमला धरून गेले आणि खडकावर पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या प्रत्येकीसाठी वाजवतात म्हणे, आलेली दहाव्यांदा असली तरी.

रात्री टेबलावर ऊझो आला. बडीशेपेचा वास, पाणी घातलं की दुधासारखं पांढरं. सोबत कालोनीच्या सार्डिन, भोपळ्याची फुलं आत भात भरून, ऑलिव्ह तेलात मुरवलेलं लादोतिरी चीज. हिने "३७७ गेलं त्याचा आज वाढदिवस" म्हणून ग्लास उचलला, सगळ्या "यामास" ओरडल्या. मग एकीने विचारलं की त्या कायद्याने बायकांना खरंच तुरुंगात टाकायचे का. मी सांगितलं की कायदा लिहिलेला असा होता की बायका त्यात क्वचितच अडकायच्या, आपल्या बायकांना भीती घरच्यांचीच, पळून गेलेल्या दोन मुलींच्या मागे बाप पोलिसात जाऊन "माझी मुलगी पळवली" म्हणून तक्रार देतो, आणि मग पोलीस, कोर्ट, आणि परत घर. टेबल जरा शांत झालं. मग पोलंडची एकजण म्हणाली आमच्याकडे पण घरच, आणि पुन्हा बोलणं सुरू झालं.

रविवार, ७ सप्टेंबर

सकाळी एका खानावळीच्या ओट्यावर सॅफोवर गप्पा. बोलणारी बाई ग्रीकची प्राध्यापक, रिटायर, बोलायची पद्धत अशी की पंचवीस बायका उन्हात न हलता बसल्या. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात सॅफोच्या कवितांचे नऊ ग्रंथ होते म्हणतात. आज हातात आहेत साधारण साडेसहाशे ओळी, पूर्ण म्हणावी अशी कविता जेमतेम एक, बाकी तुकडे, कुठे अर्धी ओळ, कुठे एकच शब्द. ते तुकडे पण कुठे सापडले, तर इजिप्तमध्ये, ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यात, १८९७ पासून दोन इंग्रज तिथे खणत होते. काही तर ममीच्या आवरणाला चिकटवलेल्या रद्दी पपायरसवर, म्हणजे त्या काळच्या कागदावर. अशाच एका पपायरसमुळे म्हातारपणावरची तिची एक कविता २००४ मध्ये जवळजवळ पूर्ण झाली. गुडघे, जे कधी हरणाच्या पाडसासारखे नाचायचे, ते आता धरत नाहीत, असं त्यात आहे. ऐकून थोरलीने आपल्या नव्या गुडघ्यावर थाप मारली आणि सगळा ओटा हसला.

मला एक गोष्ट फार आवडली. सॅफो गेल्यानंतर दोनएकशे वर्षांनी अथेन्सच्या कॉमेडीवाल्यांनी तिला स्टेजवर आणून टिंगलीचा विषय केला. मग तिने फाओन नावाच्या नावाड्यापायी कड्यावरून उडी टाकली ही दंतकथा. मग कधीतरी तिला एक नवरा पण चिकटवला, त्याचं नाव आणि गाव असं आहे की अभ्यासकांना तो कुणीतरी केलेला चावट विनोदच वाटतो, आणि तो विनोद शेकडो वर्षं चरित्र म्हणून छापला गेला. बाई एकटी चालत नाही म्हणून शेजारी कुणीतरी आणून बसवायचा, हे आपल्याकडच्या लग्न जमवणाऱ्या मावश्यांना सांगितलं तर त्यांना काहीच वावगं वाटणार नाही.

आणि १९०४ ची गोष्ट. नॅटली बार्नी आणि रेने व्हिव्हिएन ह्या पॅरिसमधल्या दोन कवयित्री, एकमेकींच्या प्रेमात, भांडलेल्या, परत आलेल्या, दोघी इथे लेस्बॉसला आल्या, बायकांची कवितेची शाळा काढायची म्हणून. शाळा काही झाली नाही, दोघी पुन्हा तुटल्या. व्हिव्हिएनने मात्र मिटिलिनीत घर ठेवलं होतं. म्हणजे ही वारी आजची नाही.

शेवटी प्रत्येकीने आपापल्या भाषेत सॅफोची एकच कविता वाचायची होती, आदल्या दिवशी इंग्रजी कागद वाटला होता. आम्ही रात्री खोलीत बसून मराठी केलं, ह्यात हिचा वाटा जास्त. मी उभी राहून म्हटलं:

कुणी म्हणतं घोडदळ, कुणी पायदळ,
कुणी म्हणतं आरमार, ह्या काळ्या भुईवर सगळ्यात देखणं.
मी म्हणते, ज्याच्यावर जीव जडला ते.

पुढे त्यात अनाक्तोरिया येते, तिची चाल, चेहऱ्यावरचा उजेड, लिडियाच्या रथांपेक्षा ते बघणं मला जास्त आवडेल असं सॅफो म्हणते. अर्जेंटिनाची एक मुलगी माझ्यानंतर आली, तिने न वाचता पाठ म्हटलं, डोळे मिटून. भारी.

संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण. काकूंचा फोन साडेसहालाच, तिकडे नऊ वाजलेले, "वेध लागलेत, तुम्ही जेवून घ्या बाई आधी." हिने "हो आई" म्हणून फोन ठेवला आणि ऑक्टोपस मागवला. सूर्य समुद्राकडे मावळला, पूर्वेला विगलाच्या मागून चंद्र आला तो आधीच एका बाजूने खाल्लेला, नंतर पूर्ण तांबडा झाला. किनाऱ्यावर बायका आडव्या पडलेल्या, कुठे ड्रम चाललाय, कुठे कुणी एकमेकींच्या मांडीवर, आणि आमच्या घरमालकीणबाई खुर्ची घेऊन वाळूत येऊन बसल्या आणि छातीवर क्रूस काढत राहिल्या.

सोमवार, ८ सप्टेंबर

काही केलं नाही. पोहले, झोपले, अंजिरं खाल्ली. रात्री उघड्यावर पडदा लावून शॉर्ट फिल्म्स होत्या, दोन बऱ्या, बाकी सगळ्या एकाच धाटणीच्या, धूसर प्रकाश आणि मागे पियानो. मी मध्येच उठून आले, ही शेवटपर्यंत बसली आणि मग वाळूवरच्या नाचात दोनपर्यंत. मला हे म्हणायला हवं की फेस्टिव्हलमधलं सगळंच सोनं नाही. चक्र, ऊर्जा, अंतरात्म्याचा आवाज असल्या वर्कशॉपना मी लांबूनच नमस्कार केला, युरोपातल्या बायकांनी मला ओंकार शिकवायचा तर त्याचे युरो कोण भरणार.

मंगळवार, ९ सप्टेंबर. सिग्री आणि लिमोनोस

थोरली-धाकटीने गाडी भाड्याने घेतली होती, आम्हाला मागे घातलं. सिग्रीजवळचं दगडी जंगल. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख पडून झाडं जागच्या जागी दगड झाली. आडवे पडलेले ओंडकेच नाहीत, मुळांसकट उभे बुंधे, एक तर सात मीटरहून उंच. वर्षाची वलयं दिसतात, साल दिसते, हात लावला की गार दगड. रस्त्याचं काम चालू असताना २०२१ मध्ये फांद्या आणि मुळांसकट अख्खं झाडच सापडलं. धाकटी वनस्पतिशास्त्राची, तिने सांगितलं की वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणतात तो थिओफ्रास्टस पण एरेसॉसचाच. तिच्या म्हणण्यानुसार गावाने सॅफोचा फायदा घेतला आणि थिओफ्रास्टसला विसरले, कारण त्याच्या नावाने कुणी खोल्या बुक करत नाही.

मग तिथून कालोनीजवळचा लिमोनोस मठ. मोठा, सुंदर, अंगणात मोर. आणि मुख्य चर्चमध्ये बायकांना प्रवेश नाही. चौघी दारात उभ्या. थोरली म्हणाली, ह्या बेटावर बायकांना मज्जाव म्हणजे कमालच आहे. मी म्हटलं आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात शनी शिंगणापूरला चौथऱ्यावर चढायला २०१६ पर्यंत हेच होतं, तिथे बायकांनी आंदोलन केलं तेव्हा सुटलं. त्यांना ती गोष्ट इतकी आवडली की गाडीत परत सांगायला लावली.

मग बोलणं वळलं उत्तर किनाऱ्याकडे. २०१५ मध्ये ह्या एका बेटावरून पाच लाखांच्या आसपास माणसं युरोपात शिरली, सीरिया, अफगाणिस्तान, इराकमधली, तुर्कस्तानकडून रबरी बोटींतून. तिथल्या सिकामिनिया गावच्या आज्या एका तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन दूध पाजतानाचा फोटो आठवत असेल. मग मोरियाची छावणी, ती सप्टेंबर २०२० मध्ये जळाली. धाकटी त्या वर्षी इथे महिनाभर कपडे वाटत होती. त्या किनाऱ्यावरून समुद्रापलीकडे तुर्कस्तानचे डोंगर इतके जवळ दिसतात, म्हणाली, की घरं मोजावी. मी शेंगेन व्हिसासाठी फाइल भरून कुरकुरत होते ते आठवलं, आणि हेही की फेस्टिव्हलमध्ये आम्ही दोघी सोडून गव्हाळ-काळ्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या. हा मेळावा सगळ्या जगाच्या बायकांचा आहे हे पोस्टरवर ठीक, पण विमान, व्हिसा आणि खोली ज्यांना परवडते त्यांचा आहे. आम्ही पण त्यातल्याच, पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे म्हणून इथे.

बुधवार, १० सप्टेंबर

आजचं सत्र आठवणी जपण्यावर. न्यूयॉर्कची एक बाई तिथल्या लेस्बियन हरस्टरी अर्काइव्ह्जबद्दल बोलली, १९७४ मध्ये सुरू झालं, कित्येक वर्षं एकीच्या राहत्या फ्लॅटमध्येच होतं, आता ब्रुकलिनमध्ये स्वतःची इमारत आहे. त्यांचं धोरण असं की कुठल्याही लेस्बियन बाईचं काहीही ठेवून घेणार, पत्रं, टी-शर्ट, डायऱ्या, मोठी लेखिका असायची गरज नाही. मग इथल्या बायका बोलल्या, सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून एरेसॉसच्या किनाऱ्यावर बायका कशा यायला लागल्या, वाळूत झोपायच्या, बांबूच्या खोपी बांधायच्या, गाववाले आधी बिथरले, पोलीस आले, मग गावाने बघितलं की ह्या भाडं देतात, खातात, परत येतात, काहींनी घरं घेतली, खानावळी काढल्या. ह्याच बेटावर जन्मलेल्या त्झेली हाजीदिमित्रिऊ ह्यांनी ह्यावर डॉक्युमेंटरी केलीय, लेस्विया नावाची, २०२४ ची. सगळं गोडीगुलाबीचं नव्हतंच. २००८ मध्ये बेटावरचे तिघं कोर्टात गेले होते की समलिंगी बायकांनी आमच्या बेटाचं नाव वापरू नये, अथेन्सच्या कोर्टाने ते फेटाळलं. आमच्या खानावळीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "केस जिंकले असते तर माझी टेबलं कुणी भरली असती?"

मला भारताबद्दल बोल म्हणाले. मी सांगितलं, मुंबईत १९९५ पासून स्त्री संगम हा आपल्यासारख्या बायकांचा गट, तो पुढे लाबिया झाला. १९९८ मध्ये दोन बायकांच्या प्रेमावरच्या फायर सिनेमाच्या वेळी थिएटर फोडली आणि त्याच डिसेंबरात दिल्लीत बायका हातात फलक घेऊन रस्त्यावर आल्या, भारतीय आणि लेस्बियन असं लिहून. आणि माझ्या भाषेत ह्याच्याही आधी, १९८१ मध्ये, तेंडुलकरांचं मित्राची गोष्ट हे नाटक रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडी मित्रा झाल्या होत्या. १९८१ ऐकून दोघीतिघींनी वहीत टिपून घेतलं. मित्राचं पुढे काय होतं विचारलं. ती मरते, मी म्हटलं. "अर्थात," असं न्यूयॉर्कवाली म्हणाली, आणि सगळ्याच हसल्या, त्यांच्याकडच्या जुन्या कादंबऱ्यांतही त्या मरायच्याच.

सत्र संपल्यावर थोरलीने आम्हाला बाजूला घेतलं आणि कॉफी मागवून एकदम हिशेबनीसासारखी बसली. त्यांची नोंदणी २००१ मध्ये, जर्मनीत जोडीदारीचा कायदा आला त्या वर्षीच, आणि २०१७ मध्ये लग्न. पण त्याआधीची अनेक वर्षं काहीच नव्हतं, तेव्हा धाकटी आजारी पडली आणि हॉस्पिटलने थोरलीला आत सोडलं नाही. म्हणून विचारते, म्हणाली, तुमचं मृत्युपत्र आहे का? दोघींचं? फ्लॅट कुणाच्या नावावर? आजारपणात सही कोण करणार?

आम्ही एकमेकींकडे बघितलं. ग्रीसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून समलिंगी लग्न होतं, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन देशांतला पहिला, आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने अशा लग्नाबाबत हात वर केले. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थखात्याने एवढं स्पष्ट केलं की जॉइंट अकाउंट काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला अडचण नाही. ते परिपत्रक घेऊन आम्ही आमच्या बँकेत गेलो होतो तर काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, सिस्टर का? पण मृत्युपत्राचं आम्ही पुढे ढकलत आलोय, अजून वय आहे म्हणून. थोरलीला हे ऐकून राग आला. खरोखरचा राग, आजी रागावते तसा. "तुमचं वय झाल्यावर तुमचे भाचे येतील," म्हणाली.

गुरुवार, ११ सप्टेंबर

सकाळी पुन्हा खडकापर्यंत, ह्या वेळी फोम सोडून, ही शेजारून "पाय मार, पाय मार" ओरडत. मग वरच्या एरेसॉस गावात चालत गेलो, चार किलोमीटर, उन्हात चूकच, पण चौकात मोठ्या चिनाराखाली कॅफेनिओ, म्हणजे कॉफीचं दुकान, आहे आणि तिथे भर दुपारी म्हातारे पत्ते खेळत होते. आमच्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि परत पत्त्यात.

संध्याकाळी घरमालकीणबाईंनी अंजिरांची पिशवी दिली, विमानात न्यायची नाहीत म्हटलं तर ऐकेनात. थोरली-धाकटी जेवायला होत्या. धाकटीने त्या बीपीच्या गोळ्या अखेर स्वतःच्याच सॅकच्या तळाला सापडल्याचं जाहीर केलं आणि थोरलीने त्या आनंदात सगळ्यांचं बिल भरलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. परत

बस, बंदर, रात्रीची बोट. डेकवर वारा फार म्हणून आत बसलो. हिने फोनवर यादी करायला घेतली: मृत्युपत्र दोन्ही, साक्षीदार दोन, डॉक्टरची सही घ्यायची, पीएफचा नॉमिनी, मेडिक्लेम, फ्लॅटच्या इंडेक्स टूची झेरॉक्स. मालवणची जागा तिच्या भावाबरोबर सामायिक आहे, तिथे किती गुंतागुंत होईल ह्यावर आमचं वाटेतलं किओस बेट येईपर्यंत भांडण झालं, शेजारच्या सैनिकाने दोनदा कूस बदलली. मग यादीत "काकूंशी बोलणे" असं तिने घातलं, ते पहिल्या नंबरवर टाकायचं की शेवटच्या ह्यावर पुन्हा.

कुणाला जायचं असेल तर: खोल्या फेब्रुवारी-मार्चमध्येच बघायला लागा, फेस्टिव्हलच्या काळात गाव भरतं. मिटिलिनीहून स्कालाला बसेस दिवसाला मोजक्याच, वेळा आधी बघून बोट किंवा विमान धरा, नाहीतर टॅक्सी खिसा कापते. रोख युरो जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर उपाशी मरणार नाही, चवळी, पावटे, वांगी, भोपळ्याची फुलं, सगळं मिळतं. एकटीने गेलात तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी तुम्हाला पोहायला ओढतंच. खडकावर चढताना पायात काहीतरी घाला, कपारीत समुद्री काटेरी गोळे असतात आणि ते टोचले की ऊझोने पण दुखायचं थांबत नाही.